मागे राहिलेली फळी

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक सुतार आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मांडीवर नवी, रंधा मारलेली फळी होती.

“पाळणा नेला त्यांची अजून तक्रार आलेली नाही गं.”

“कोण करणार तक्रार? ते एवढंसं बाळ? चांगली फळी दुकानात राहिली आणि तडकलेली पाळण्याला लागली, हे आपल्यालाच माहीत ना?”

“नाव खराब होईल.”

“होऊ दे. फळी नीट धरा, लोकांना लागेल.”

“काय सांगू त्यांना?”

“चुकलं म्हणायचं. उगाच गोलगोल बोलायचं नाही.”

“आणि बाळ पाळण्यात झोपलेलं असलं तर?”

“झोपलेल्या बाळाला उठवतात का कुणी? उठेपर्यंत पाळण्याखाली हात धरून बसा. दमलात की मी धरीन.”