जोडव्याखालचं बोट

...आन् मग आमच्या वन्सं डाक्टरबाईच्या म्होरं दोनी हात पसरून उभ्या! 'मी जिती हाय तवर माझ्या भावाच्या बायकूचं जोडवं कापायचं न्हाई म्हंजे न्हाई!' आता तुमीच सांगा, माझा पाय त्या स्टुलावर, डाक्टरबाईच्या हातात एवढंसं कटर, दारातनं सगळं पेशंट माना लांब करून बघाय लागल्यालं, आन् मदी ह्या बनुबाई, खास आटपाडीस्नं आल्याल्या... माझी चवकशी कराय बरं का! पाय माझा, बोट माझं, आन् भांडत्यात ह्या! तुमाला सांगते, पाया पडाय सगळी, पाय बघाय कुनी न्हाई!

झालं काय, म्हातारपनी मला साखर झाली. च्यातली गेली ती रगतात जाऊन बसली. तवापासनं माझं पाय म्हंजे नुस्तं दगूड! उन्हाच्या फुफाट्यातनं अनवानी जावा, चटका न्हाई. बाभळीचा काटा घुसूंद्या, कळ न्हाई. मी आपली गावभर सांगत सुटले, 'आत्ताच्या पोरीस्नी मोरीत जायाला चप्पल लागती, आन् ह्यो माझा पाय बघा गं, वय वाढंल तसा मजबूत व्हाय लागलाय!' आन् बायका बी माना डोलवायच्या, 'व्हय वो काकू, जुनं हाड त्ये!' एकीनं तरी वाकून बघावं? नाव नको!

तर दिवाळीला आमची सून संयोगिता पाया पडाय वाकली, आन् वाकली ती उठंचना! मी म्हनलं, 'अगं अष्टपुत्रा म्हनलं की, ऊठ आता!' एका पोरात दमून गेलेली बाई ती, तिला म्हनं अष्टपुत्रा! तर ती खालनंच म्हनती, 'आत्या, तुमचं बोट काळंनिळं पडलंय. जोडवं आत रुतलंय.' मी म्हनलं, 'पर दुखत न्हाई की गं!' तर म्हनती, 'तेच तर भ्या हाय. साताऱ्याला पायाच्या डाक्टरकडं जायाचं.'

पायाचा डाक्टर! आमच्या मालकांनी लगीच मिशा पुसल्या. मालक म्हंजे सुभेदार, पेन्शनीत आलेलं. 'दाताचा ऐकला, डोळ्याचा ऐकला. पायाचा निराळा? उद्या टाचंचा निराळा काढतील!' आन् हेच सुभेदार बरं का, येईल त्या पावन्याला धरून सांगत्यात, 'आमच्या पलटनीत पायांची तपासनी व्हायची! मोजं काढून, बोटं फाकून! पायदळाचा जीव पायात!' मी म्हनलं, 'आवं, सगळ्या पलटनीचं पाय बघितलंसा, माझा कवा बघितला व्हता?' लय इचार केला गड्यानं. मग म्हनत्यात, 'सप्तपदीला बघितला आसंल.' काय बोलायचं आता? पाया पडाय सगळी, पाय बघाय कुनी न्हाई!

आन् साताऱ्याची ही डाक्टरबाई, भार्गवी नाव तिचं, माझ्या नातीच्या वयाची. आली ती बुटक्या स्टुलावर खाली बसली आन् माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर! मी घाईघाईनं आशीर्वाद दिऊन टाकला. सवय, दुसरं काय? ती हसली. तळवा बघितला, बोटांच्या बेचकीत बघितलं, टाचंच्या भेगा बघितल्या, चपलीत सुदिक हात घालून बघितलं! म्हनली, 'आजी, डोळे मिटा. मी ह्या ताठ दोऱ्यानं टोचते. टोचलं की हो म्हणा.' मिटलं डोळं. बसले. बसले... मनात म्हनलं, ही बया गेली का काय च्या प्यायला? शेवटी मीच वरडले, 'अगं टोच की, का मुहूर्त बघतीयास?' तर हळूच म्हनली, 'आजी, कधीच टोचून झालं.'

...तवा मातूर मी सोताच वाकून माझा पाय बघितला, पयल्यांदा. खोटं कशाला सांगू?

म्हनली, 'तुमचा पाय मजबूत नाही झालेला, मुका झालाय. जोडव्याखाली जखम आहे. ते ओढून निघणार नाही, आजच कापायला हवं. नाहीतर बोट जाईल, आणि बोटावरच थांबेल असंही नाही.'

बास! तिनं माझा पाय दुसऱ्या स्टुलावर ठिवून कटर उचललं, आन् तिथनं वन्सं उसळल्या त्या मगाशी सांगितलं बगा, तशा हात पसरून! 'सौभाग्य हाय त्ये! माझ्या भावाचं काय बरंवाईट झालं म्हंजी?' डाक्टरबाई म्हनली, 'आजी, बरं झाल्यावर ह्यांना सैल जोडवी घाला की.' 'आन् तवर? तवर माझ्या भावानं कशाच्या जिवावर जगायचं?' डाक्टरबाई वळली मालकांकडं, 'आजोबा, तुम्हीच सांगा.'

आन् सुभेदार! कंबरंएवढ्या बर्फात बंदूक घेऊन उभा राह्यलेला मानूस! कुठं बघत व्हता? पंख्याकडं! म्हनतोय, 'आक्का म्हंतीया त्ये बी... आन् डाक्टर म्हंत्यात त्ये बी...' चांदीच्या एवढ्याशा कड्याला भ्यालं की वो सुभेदार! संयोगिता एकटी माझा खांदा धरून उभी. बाकी सगळी वन्संच्या तोंडाकडं बघाय लागलेली, आन् बोट बिचारं स्टुलावर एकलं, काळंठिक्कर. बघाय हाय का कुनी? पाया पडाय सगळी...

मग माझं डोस्कं फिरलं. मी पाय तसाच डाक्टरबाईच्या मांडीवर रेटला आन् म्हनलं, 'काप गं पोरी, आन् वन्सं, एवढीच काळजी आसंल तर सोनाराकडनं सांदून आनून ह्ये जोडवं तुमच्या भावाच्याच पायात घाला. जगायचं ह्यांनी, आन् सुजायचं माझ्या बोटानं व्हय?'