बिजलीनं खाल्लेली सिट्रा

(कसबा बावडा. सकाळची वेळ. गोठ्यात बिजली म्हैस, पुढच्या कट्ट्यावर आई, आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलेली पूर्णिमा.)

पूर्णिमा : चंदेरी पुडी, आई. बाहेरच्या सोप्यात थर्माकोलचा डबा ठेवलेला, त्यात तीन होत्या. आता दोनच आहेत.

आई : मग तीच म्हणती मी. ती बिजलीला घातली.

पूर्णिमा : घातली म्हणजे?

आई : घातली म्हंजे घातली. भुशात कालवली, वर गुळाचं पाणी शिंपडलं आन् पाटी तिच्याफुडं सारली. डेअरीतली झुंबरबाई म्हणालती, नव्या गोळीपेंडीचा नमुना पाठवून देते म्हणून. डबा उघडला तर चकचकीत पुडी, पुडीत हिरव्या गोळ्या. म्हटलं, आली पेंड.

पूर्णिमा : बर्फात ठेवलेली पेंड?

आई : आता नमुना म्हटल्यावर बर्फातबी ठेवतील. त्यांचं काय सांगतीस, मागच्या बैठकीत म्हशीला फॅन लावा म्हणून सांगालते. आमच्या खोलीतला बंद हाय, तो कोण बघत न्हाय.

पूर्णिमा : सगळी खाल्ली तिनं?

आई : आधी तोंड फिरवलं. मग मी गुळाचं पाणी आनि वतलं, तवा पाटी चाटूनपुसून मोकळी. बघ की कशी बसलीया, डोळं मिटून. बाजारातनं आणल्यापासनं एवढी शान्यागत कवा बसली न्हवती.

पूर्णिमा : त्यानं गुंगी येते म्हणतात... आई, मोत्याला नाही ना दिलंस?

आई : कुत्र्याला पेंड कोण घालतंय?

पूर्णिमा : दिलं नाहीस ना पण? एखादी गोळी खाली सांडली असेल, त्यानं चाटली असेल?

आई : न्हाय गं. मोत्या तात्यांच्या मागनं मळ्यात गेलाय. तुझं तोंड कशानं पांढरं पडलं? ईख हाय व्हय त्यात? आगं बोल की, गाभण हाय ती.

पूर्णिमा : विष नाही. कुत्र्याला भयंकर असतं ते, म्हशीला सहसा काही होत नाही. तरी तात्यांना फोन करते, येताना डॉक्टरांना विचारून या म्हणून.

आई : कर. (पूर्णिमा तात्यांना फोन करून येते.) झाला? आता मला सांग, ईख न्हाय तर हाय काय ते?

पूर्णिमा : फुलं.

आई : गोळ्या हुत्या की गं.

पूर्णिमा : फुलांच्याच. वेल असते, घेवड्यासारखी वर चढते. तिची फुलं वाळवायची, दळायची आणि दाबून गोळ्या करायच्या. हॉप्स म्हणतात. ह्यातही जाती असतात, आपल्याकडं आंब्याच्या असतात तशा. बिजलीनं खाल्ली ती सिट्रा. अमेरिकेतली.

आई : आन् ह्या फुलांचं करत्यात काय?

पूर्णिमा : उकळत्या रसात घालतात. कडवटपणा येतो, वास येतो.

आई : कसल्या रसात?

पूर्णिमा : जवाच्या.

आई : जवाचा रस कडू करून कोण पितंय? औषिद हाय का?

पूर्णिमा : औषध नाही.

आई : पूर्णे, माझ्याकडं बघून बोल. कशात घालत्यात?

पूर्णिमा : बिअरमध्ये.

आई : तू बिस्किटाच्या कंपनीत हाईस.

पूर्णिमा : होते. पहिलं वर्षभर.

आई : म्या सगळ्या बावड्याला सांगितलंय. संक्रांतीला वाण लुटताना एकेकीला सांगितलंय, पोरगी बिस्किटाला चव लावती म्हणून. आक्का दर भेटीला इचारती, क्रीमचं कधी आणणार. आन् तू दारू करतीस?

पूर्णिमा : बिअर.

आई : बिअर म्हंजे काय ताक हाय व्हय?

पूर्णिमा : ताक नाही. पण...

आई : घरात चार पिढ्यांत कुणी बाटली आणली न्हाय. पुरुषांनी आणली न्हाय. आन् पोरगी आणती, ती बी थेट म्हशीपस्तोर.

पूर्णिमा : मी पिण्यासाठी नाही करत. चाखते, थुंकते, लिहून ठेवते. मी तिथली ब्रूअर आहे, आई. गुऱ्हाळात काहिलीत रस कढवणारा गुळव्या असतो तशी. टाकीवर मी असते.

आई : तू गुळव्या.

पूर्णिमा : हो.

आई : बाई मान्सं काहिलीवर गुळव्या नसत्यात.

पूर्णिमा : नसतात. पण आपल्या गुऱ्हाळात जोतीरामकाका काहील उतरवायच्या आधी कुणाकडं बघायचे? तू चुलाणापाशी यायचीस, वाफेत एकदा नाक धरायचीस आणि म्हणायचीस, आजून थोडं. नाहीतर, उतरवा. उतरवा म्हटलं की आठ माणसं काहिलीला भिडायची. मी हे बघतच मोठी झालेय ना. दुसरं काय येणार मला?

आई : आता माझ्यावर ढकल.

पूर्णिमा : ढकलत नाही. त्यासाठीच आलेय. ह्या महिन्यात मला पहिल्यांदा माझी स्वतःची बिअर करायला मिळतेय. उन्मेष सर मालक आहेत, ते म्हणाले, तुझ्या मनासारखी कर. मी तात्यांच्या गुळाची करतेय.

आई : आमच्या गुळाची दारू.

पूर्णिमा : गूळ ठरलाय. त्याच्याबरोबर कुठला हॉप्स बसतो तेवढं ठरायचंय. सर म्हणतात, सिट्रा घाल, सगळे तीच घालतात. माझं मन दुसऱ्यावर आहे, पण मला माझ्या नाकाचा भरवसा वाटेना. आज संध्याकाळी त्यांना सांगायचंय, उद्या सकाळी टाकी चढणार. म्हटलं, तिन्ही पुड्या घेऊन जावं, आई हुंगेल आणि सांगेल. कशासाठी ते सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

आई : म्हंजे फसवून हुंगवणार हुतीस.

पूर्णिमा : हो.

आई : माझं नाक आता कशाला लागतंय तुमाला. मशीन असत्यात की.

पूर्णिमा : मशीनला आपला गूळ माहीत नाही. आई, एक विचारू? सिट्राची पुडी तू कापलीस.

आई : इळ्यानं.

पूर्णिमा : ती कापली की पिकल्या आंब्याचा, लिंबाच्या सालीचा असा वास सुटतो की शेजारची खोली भरते. आमच्याकडं वॉचमन येऊन विचारतो, कोण आंबा खातंय. तुला पेंड कशी वाटली?

आई : सर्दी हाय मला.

पूर्णिमा : आवाज तर बसलेला नाही.

आई : नाकातल्या नाकात असती एकेकाची सर्दी. आण त्या दोन पुड्या हिकडं, एकदा सांगून टाकते, म्हंजे तुझं आन् माझं मिटलं.

पूर्णिमा : घे. ही फगल, इंग्लंडची. ही सोराची, मूळची जपानची. थांब, कात्री आणते.

आई : ही ब्येस हाय.

पूर्णिमा : कुठली?

आई : ही जपानची. ग्वाड वास हाय. फुलागत. आन् हीबी ब्येस हाय, पर जपानचीच घाल.

पूर्णिमा : आई.

आई : काय?

पूर्णिमा : दोन्ही पुड्या अजून कापलेल्या नाहीत. आतली हवासुद्धा काढून घेतलेली असते त्यांतली. बाहेर काहीच येत नाही.

आई : मग कात्री आणाय इतका येळ लावतीस कशाला.

पूर्णिमा : कधीपासून?

आई : काय कधीपासनं? बिजलीकडं बघ आधी, तोंडाला फेस हाय का बघ.

पूर्णिमा : रवंथ करतेय ती. आई, कधीपासून वास येत नाही तुला?

आई : त्या तापापासनं.

पूर्णिमा : कुठल्या? कोरोनाच्या? तेव्हा सगळ्यांचाच गेला होता. तात्यांचा गेला, माझा गेला. पंधरा दिवसांत आला परत.

आई : तुमचा आला. मीबी म्हटलं, येईल. रोज सकाळी उठून कापराची डबी उघडून बघायची. मग आठवड्यानं बघायची. मग डबी देव्हाऱ्यात ठेवून दिली.

पूर्णिमा : आणि मी फोनवर विचारायची तर म्हणायचीस, आला की.

आई : तू सांगलीच्या डॉक्टरकडं, मुंबईच्या डॉक्टरकडं न्हेली असतीस. आन् आल्यागेल्याला कळलं असतं.

पूर्णिमा : कळलं असतं तर काय झालं असतं?

आई : काय झालं असतं म्हणं. बावड्यात मला कशानं वळखत्यात? रूपानं? लोणच्याची बरणी बिघडायच्या आधी बाया मला बोलवून न्हेत्यात. आजून न्हेत्यात. मी झाकण उघडती, वाकती, तोंड वाकडं करती आन् म्हणती, मीठ वाढवा. मीठ वाढवल्यानं कुणाचं वाईट होत न्हाय.

पूर्णिमा : आणि गुऱ्हाळ? तू म्हणालीस, गुडघे दुखतात म्हणून जात नाहीस.

आई : गुडघं काय, चांगलं हाईत. तिथं जाऊन काय करू? आठ मान्सं माझ्या तोंडाकडं बघणार, आन् वाफ नुसती गरम लागणार.

पूर्णिमा : गेल्या दिवाळीला तूप करपलं, तेव्हा तू मला बोललीस. म्हणालीस, लक्ष नाही तुझं.

आई : बोलले खरं.

पूर्णिमा : मी बाहेर रांगोळी काढत होते, आई.

आई : ठाव हाय मला. दुसरं कुणी घरात न्हवतं बोलाय.

पूर्णिमा : अगं, गॅस आहे घरात. शेगडी विझली आणि तुला कळलं नाही तर? एकटी असतेस दिवसभर.

आई : खिडकी उघडी ठेवती. पावसातबी. तात्या वरडत्यात, पर ठेवती. आता एक कर पूर्णे, तुझी दारू मी ह्यांना सांगत न्हाय, माझं नाक तू सांगू नगंस. फिटंफाट.

तात्या : काय सांगू नगंस?

आई : तुमी कवा आला?

तात्या : मघाशीच आलतो, गोठ्यामागं हुतो. डॉक्टर फोनवर म्हणाले, पानी पाजा, बाकी कायबी घालू नका, सांजच्याला येऊन बघतो. म्हस हुशार हाय, म्हणाले. म्हशीच्या मालकांचं काय म्हणाले न्हाईत.

आई : किती ऐकलं?

तात्या : गुळाचं ऐकलं. कुठला गूळ घेणार गं? पाडव्यानंतरचा घिऊ नगंस, खारा लागतोय तो.

पूर्णिमा : तात्या, आईला वास येत नाही.

आई : आताच ठरलं न्हवं आपलं?

तात्या : ठाव हाय.

आई : काय ठाव हाय?

तात्या : आता काय सांगू. रोज सकाळी तापवायच्या आधी दुधाच्या पातेल्यात कोण तोंड घालतंय?

आई : तुमी. सायीसाठी. मी रोज वरडती, उष्टं करू नगासा म्हणून.

तात्या : कच्च्या दुधावर साय असती व्हय? आन् रात्री झोपायच्या आधी शेगडीपाशी उभा ऱ्हातो, तवा तू म्हणतीस, आता काय खायला शोधताय. मी म्हणतो, शेंगदाणं. शेंगदाण्याचा डबा तर फडताळात असतोय.

आई : इतकी वर्सं मला बोलला न्हाईसा.

तात्या : तू सांगितलं न्हाईस. मग मी तरी कसं इचारू. तुझं तू झाकून ठेवलंतंस, म्हटलं, ऱ्हाऊ दे. जोतीराम इचारायचा, वैनी का येईनात. त्याला सांगितलं, गुडघं. जातो. मोत्याला बांधून घालतो, पाटी चाटंल येऊन.

पूर्णिमा : आई, रडतेस?

आई : न्हाय. डोळं चुरचुरत्यात. शेंगदाणं म्हणतोय मेला.

पूर्णिमा : मुंबईला जाऊ आपण. नाकाला परत सवय लावतात म्हणे, रोज चार वास हुंगवून.

आई : बघू. दारूचं भांडण पण राखून ठेवलंय, ते संपलेलं न्हाय. आता ती कात्री कुठाय?

पूर्णिमा : कशाला?

आई : संध्याकाळी त्या उन्मेषला काय सांगणार हाईस? म्हशीनं खाल्ली म्हणून?

पूर्णिमा : सांगेन, सिट्राच घालू. तिची दुसरी पुडी आहे पुण्यात.

आई : चार पिढ्यांचं नाव घालवून सगळ्यांसारखीच करायची असंल तर मग बिस्किटं काय वाईट हुती? काप ती जपानची. आठवतंय, काहिलीपाशी तुला डोळं मिटायला लावायची मी? म्हणायची, बघू नगंस, वाफेत काय काय हाय ते सांग. तू म्हणायचीस, मध हाय, ओली लाकडं हाईत.

पूर्णिमा : एकदा मी म्हणाले, जोतीरामकाकांची तंबाखू आहे.

आई : हुतीच. आता मी मिटती डोळं. तू सांग.

पूर्णिमा : मला भरवसा वाटत नाही म्हणून तर तुझ्याकडं आले.

आई : माझ्याकडं आता तेवढंच शिल्लक हाय, ऐकायचं. सांगताना तुझा आवाज कुठं हलतोय ते कळंल मला. काप.

पूर्णिमा : कापली.

आई : घाई करू नगंस.

पूर्णिमा : पहिल्यांदा लिंबू. रस नाही, पान चुरगाळल्यावर येतो तसा.

आई : हं.

पूर्णिमा : त्याच्या मागं खोबरं. ओलं, आत्ताच खवलेलं. गूळ ह्याच्याशी बसेल, आई. मोदकाच्या सारणासारखा. आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटी, शेपू. म्हणूनच लोक घाबरतात ह्याला. पण मला तोच आवडतो. तोडलेल्या शेपूच्या जुडीसारखा.

आई : थांब.

पूर्णिमा : चुकलं का?

आई : न्हाय. आवाज हलला न्हाय तुझा. हीच घाल.

पूर्णिमा : मग थांब का म्हणालीस?

आई : शेपूचा वास कसा असतोय, ते पण सांग.