बाळंतपणाचे पैसे

आबा, मावशी, दादा, आन् इथं बसलेले सगळेच. तुम्ही केडगावहून, दौंडहून, कामंधामं टाकून दहाव्याला आलात. आबा म्हणाले, तू शिकलेला हायस, चार शब्द बोल. आबा, शाळेत इंग्लिश भाषणाला मला प्राइज मिळायचं. पण हे कसं बोलायचं, ते कुठंच शिकवत न्हाईत.

शोभावहिनी माझी भावजय. आमच्या दादाची बायको. ती मला नावानं कधी हाक मारायची न्हाई. 'सायेब' म्हणायची. चिडवायला. एकदा म्हणाली, सायेब, भूक लागली याला इंग्लिशमध्ये काय म्हणत्यात? मी सांगितलं, आय ॲम हंग्री. झालं. तवापासून चुलीपुढं बसून म्हणायची, "आय आम हंगरी." आई विचारायची, ही काय बडबडतीय? आन् आम्ही दोघं हसायचो.

वहिनीला दिवस गेले, तवा नर्सबाईनं घरी येऊन सांगितलं, अंगात रक्त कमी हाय, खाणं वाढवा. आन् सरकारची मदत मिळती तीपण सांगितली. गरिबाघरच्या बाईला, पोटात बाळ असताना, चांगलंचुंगलं खायला पैसे. मला काय आनंद झाला! ग्रामपंचायतीत मीच हेलपाटे घातले. पैसे मिळाले. वहिनीच्या हातात मिळाले.

आपण सगळे त्याला काय म्हणत होतो, आठवतंय का? बाळंतपणाचे पैसे. सरपंच तेच म्हणत होते, आई तेच, मी तेच. बाळंतपणाचे पैसे आले का? आले.

मग वहिनीनं काय केलं? बाळंतपणाचे पैसे बाळंतपणासाठी ठेवले. पहिलं बाळंतपण माहेरी, मावशींच्या घरी; तिथं घरचा माणूस गेलेला, पोराची कमाई तोकडी, आईवर भार नको. शिरूरच्या बाजारातून डिंक आणला, खारीक आणली, खोबरं, गोडंबी आणली. सातव्या महिन्यात ते गाठोडं घेऊन केडगावला गेली. काय रुबाब होता तिचा! म्हणाली, माझं बाळंतपण मीच करणार हाय, आईनं नुसतं लाडू वळायचे.

मी तिला भेटायला केडगावला गेलो होतो. चेहरा पांढरा पडला होता. लाडवांचा डबा फळीवर भरलेला. तिनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् हळूच म्हणाली, "सायेब, आय आम हंगरी."

मी म्हणालो, मावशी, द्या की एक. मावशी म्हणाल्या, न्हाई बाबा, ते बाळंतिणीचं खाणं. आता जास्त खाल्लं तर बाळ मोठं व्हतं, सुटकेला जड जातं. वहिनीपण म्हणाली, राहू दे, मी गंमत केली.

मावशी, रडू नका. तुम्हाला बोल लावायला मी उभा न्हाई. तुमच्या आईनं तुम्हाला तेच सांगितलं. माझ्या आईनंपण तेच सांगितलं असतं. मायेपोटीच झालं सगळं. तेच तर सोसवत न्हाई. कुणावर राग काढावा, तर समोर कुणीच न्हाई.

दौंडच्या दवाखान्यात पोरगी झाली. पोरगी धडधाकट. वहिनीचं रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, अंगात आधीच नव्हतं, गेलेलं कुठनं भरून काढायचं? दादा बाहेर बाकड्यावर बसला होता. त्याला वाटत होतं, आता आत बोलावतील, पोरगी बघायला.

आज मी बोलणार नव्हतो. पण सकाळी मावशींच्या तोंडून एक ऐकलं. त्यांची सून रेखावहिनी इथंच बसलीय, तिला पाचवा महिना हाय. तिचेपण पैसे येणार हाईत. मावशी म्हणाल्या, तिचे बाळंतपणाचे पैसे नीट ठेवू, वेळेला लागतील.

मावशी, वेळ हीच हाय. हात जोडतो. त्याला बाळंतपणाचे पैसे म्हणू नका. पोटुशीचे पैसे म्हणा. रेखाच्या खाण्याचे पैसे म्हणा. दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, तिला जे गोड लागंल ते. आज. उद्या. रोज. बाळंतिणीचं बघायला आम्ही हाय की. दादा हाय, मी हाय. लाडवांचं सामान आमच्या घरनं येईल. ह्यात तुमचा मान कमी व्हत न्हाई.

मानेनं हो म्हणालात ना? सगळ्यांनी बघितलंय बरं का, मावशी.

रेखावहिनी, तुम्ही लाजू नका. भूक लागली की मागून घ्यायचं. मराठीत, मोठ्यानं.

शोभावहिनी, तुझा सायेब तुला नमस्कार करतो. यापेक्षा जास्त मला येत न्हाई.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलायचं न्हाई. आत पोरगी झोपलीय. ती उठली आन् दुधासाठी रडली, तर कुणी तिला गप्प करू नका. गप्प राहायचं ते आपण.