आक्षेप असेल तर बोला

—न्हाय, न्हाय अण्णा, आधी बसा तर. ते पोतं राहू द्या तिथंच दाराजवळ, कोण नेतंय. खवा असंल, मला म्हाईत हाय, सकाळी फोनवर ‘येताना घेऊनच येतो’ म्हणलात तवाच कळलं मला — पण एवढा कशाला, आम्ही माणसं दोन, मी अन् अम्मी. अम्मी, तामलवाडीचे सिद्धलिंगअण्णा आलेत, चहा टाक. साखर कमी? बरं, कमी. सात वाजता ह्या लॅपटॉपवर मीटिंग हाय माझी, त्यासाठीच बोलावलं तुम्हाला. काय? पोत्याचं नंतर बघू म्हणते ना.

तर कसं हाय — तुमच्या दूध केंद्रावर कुणाचं किती लिटर, फॅट किती लागलं, हे मशीनमधी जिथं जाऊन बसतं, त्याला डेटाबेस म्हणतात. कणगी समजा. ही कणगी कुणा एका मालकाची न्हाय, जगभरची माणसं मिळून ती बांधतात अन् फुकट वाटतात, अन् त्या माणसांत मी हाय. व्हय, इथंच बसून. नळ आला की उठते, हंडे भरते, परत बसते. तुमच्याकडं जसं जुन्या धाटणीचं कॉम्प्युटर हाय, बत्तीस बिटचं — माझंच की ते, कॉलेजातलं, मीच दिलं तुम्हाला — तसल्यांवर ही कणगी नीट चालली पाहिजे, एवढं काम माझ्याकडं. माझ्या एकटीकडं. आता तिची मोठी नवीन आवृत्ती निघायलीय, अन् मोठी आवृत्ती म्हणलं की ह्या लोकांना हुक्की येते — काय काय काढून टाकायचं. यादी झालीय. माझं काम त्यात सगळ्यात वर हाय.

अन् काढायची पद्धत बघा, मला तर किळस आलीय तिची. काढतो असं म्हणायचं न्हाय — सन्मानानं निरोप देतो म्हणायचं. आधी जाहीर करायचं, इंग्रजीत, अशा ठिकाणी की जिथं तामलवाडीचं कुत्रं बी फिरकत न्हाय. मग एक आवृत्ती थांबायचं, मशीनवर इशारा दाखवायचा. कुणी बोललं न्हाय, की म्हणायचं — बघा, कुणी वापरतच न्हाय. मीटिंगमधी तो उंच माणूस, सगळ्यांचा म्होरक्या, विचारतो, आक्षेप असेल तर बोला. मग सगळे कॅमेऱ्यात बघत बसतात, एकजण कॉफी पितो, एकजण मांजर मांडीवर घेतो — अन् ठीक, मंजूर, पुढचा विषय. तुमच्या केंद्रावर सकाळी थंडीत किटल्या घेऊन बाया उभ्या असतात, त्यांना कोण विचारलं? गप्प माणूस म्हणजे राजी माणूस, असला हिशोब. अन् लई गोड बोलतात वर. एखादा शिव्या देणारा असता तर परवडलं असतं, त्याच्याशी भांडता तरी येतं.

न्हाय, थांबा, मला बोलू द्या. मागच्या मीटिंगला मी म्हणले, माझ्याकडं माणूस हाय वापरणारा. तर हसले. वाईट न्हाय हसले, लाडानं हसले, त्याचाच जास्त राग आला मला. हुमेराचा तामलवाडीचा माणूस, म्हणतात — व्हय अण्णा, तुमचं गाव म्हाईत झालंय तिकडं, उच्चार येत न्हाय पण म्हणतात. मग तो उंच म्हणला, आण त्याला, एक माणूस जरी समोर येऊन म्हणला की मी वापरतो, तर ह्या आवृत्तीत हात लावणार न्हाय. एकच. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्हाला कायबी अवघड न्हाय. मराठीत बोला, मी सांगते त्यांना. ‘मी वापरतो, रोज वापरतो.’ बस. म्हणून बघा एकदा.

लाजायलात काय? बघा, मी फक्त तुमच्यासाठी करते असं न्हाय, खोटं कशाला बोलू. ते काम गेलं की माझं नाव बी गेलं सांभाळणाऱ्यांच्या यादीतनं. नावं अशी लावलेली असतात तिथं, कोण काय सांभाळतं. अम्मीला दाखवलंय मी, तिनं मोबाइलमधी फोटो काढून ठेवलाय, सगळ्या पाहुण्यांना दाखवते. दुसरं काम देऊ म्हणतात. काय देणार — माहितीपत्रकातल्या चुका दुरुस्त कर. असल्या भल्या माणसांची मला शिसारी येते. तुमचं नाव घेऊन मी दोन वर्षं भांडले तिथं. अन् केंद्रावर मात्र आले न्हाय एकदा बी, व्हय, ते बी खरंय. गाडी पकडली असती तर दुपारपर्यंत परत आले असते.

बोला ना अण्णा. पोत्याकडं काय बघायलात सारखं?

थांबा, मीच सोडते. हे काय — हे तर माझंच, कॉलेजातलं कॉम्प्युटर. हे खोकं कशाला आणलं? वर विभूती ओढलीय, फूल बी वाळलंय, पूजा करून आणलंय तुम्ही. फोनवर मी मशीनचं काम हाय म्हणले, तर परत मागायली असं वाटलं तुम्हाला? अन् केंद्र कशावर चाललंय मग?

नवीन कॉम्प्युटरवर. कवापासनं? पाडव्यापासनं. वर्गणी काढून घेतलं. कोण म्हणलं तुम्हाला बदला? कुणीच न्हाय?

मशीनच म्हणली.

अण्णा, ती ओळ. ‘ही सोय पुढील आवृत्तीतून काढली जाणार आहे. कृपया पर्यायी व्यवस्था करावी.’ ती तुम्ही वाचली. रोज सकाळी वाचायचात, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचात. कृपया म्हणलंय म्हणून मान ठेवला. अण्णा, ती ओळ इंग्रजीत होती. त्यांच्याशी हुज्जत घालून मी ती मराठीत आणली, का तर वाचून कुणाचं तरी डोकं फिरावं, कुणीतरी बोंब मारावी. इतकी शुद्ध लिहिली, तहसीलच्या नोटिशीसारखी. अन् अख्ख्या दुनियेत ती एका माणसानं वाचली, अन् त्यानं सांगितलं तसं केलं.

न्हाय, तुमच्यावर चिडले न्हाय. माझीच घाण वाटायली मला. खोटं बोलायला लावू तुम्हाला? म्हणाल तुम्ही, मला म्हाईत हाय, मी म्हणले तर म्हणाल. न्हाय, नको. ते खोकं उचलू नका, खाली ठेवा.

वाजायलंय बघा. आले सगळे. तो उंच आलाय, मांजरवाला बी आलाय. हात हलवायलेत — हसा थोडं, तुम्हालाच हलवायलेत. आता विचारील तो, आक्षेप असेल तर बोला. तुम्ही काय बोलू नका अण्णा. मी बी बोलत न्हाय.

चहा आत अम्मीजवळ घ्या. दार ओढून घ्या जाताना.