डावीकडचा डोळा

मी मूळचा रोह्याकडचा, गावाला भात आणि वालाची शेती, पण माझं चित्त त्या मातीत काय रमलं नाय, रमलं ते शाडूच्या मातीत. मामाच्या ओळखीनं पेणला गणपतीच्या कारखान्यात लागलो, आधी साचे धुतले, मंग रंग लावले, आणि मंग कधीतरी मालकानं बारीक ब्रश हातात दिला, डोळे आखायचा. काय सांगू तुम्हाला, कारखान्यात कितीतरी हात राबतात, पण मूर्तीचा देव होतो तो आखणीवाल्याच्या हातनं. गिऱ्हाईक मुंबईवरनं यायचं आणि सांगायचं, डोळे महादूच्याच हातचे पायजेत. गर्व होता मला, व्हय, होता, का नसावा?

आता आमच्यात एक रीत हाय. आखणीला बसलेल्या माणसाला हाक मारायची नाय. हात हलला तर देवाची नजर बिघडते. म्हणून आखणीवाला एकटा कोपऱ्यात बसतो, चहासुद्धा गुपचूप बाजूला ठेवून माणसं निघून जातात. प्रेशरची गोळी होती मला, पण ती घेतली की सारखं लघवीला उठावं लागायचं, आणि आखणीवाला असा उठत नाय, म्हणून सीझनला गोळी बंद. डॉक्टर म्हणायचे रोज घ्या, एक दिवस चुकवू नका. त्यांना काय जातंय बोलायला, त्यांना कुठं डोळे आखायचेत!

गणपती तोंडावर आलेले. जेवून उठलो नि मूर्ती पुढ्यात घेतली. मला काय दुखलं नाय, खुपलं नाय, तेच तर मेलं वाईट, दुखलं असतं तर बोंबललो तरी असतो. उजव्या हातात ब्रश चालतच होता. एक मूर्ती झाली, सरकवली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. पाठीमागं सगळा कारखाना भरलेला, पण हाक कोण मारणार? चहा माझ्या डावीकडं ठेवलेला म्हणतात, तो तिथंच थंड झाला. उन्हं उतरली तेव्हा आमची सुनंदा, माझी बायको, ती तिथंच रंगकामाला असते, ती मूर्ती उचलायला आली आणि बघतच ऱ्हायली. सगळ्या मूर्तींना एकच डोळा. माझ्या डाव्या हाताकडचा कोरा. अवो, हे काय केलंत, म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही आखलेत की, दिसत नाय काय तुला? पण शब्द बोबडा निघाला, तसं तिनं माझं तोंड बघितलं, डावीकडनं खाली ओघळलेलं, आणि डावा हात मांडीवर नुसता पडलेला.

तेव्हा तरी सरळ दवाखाना गाठायचा ना! पण रोह्याहून माझा धाकटा भाऊ रघू फोनवर बोलला, अंगावरनं वारं गेलंय, सुई टोचू देऊ नका, इकडं घेऊन या, आमच्याकडं एक जण पारव्याचं रक्त चोळतो, भलीभली उठवलीत त्यानं. सुनंदा ओरडत होती, आधी दवाखाना, आधी दवाखाना, पण बाईमाणसाचं ऐकतो कोण. रोह्याला निघालेली गाडी वाटेत वडखळला ट्रेलरच्या रांगेत अडकली ती अडकलीच. मंग रक्त चोळून झालं, रात्र गेली, आणि सकाळी मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर हात जोडून म्हणाला, अवो, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या चार-साडेचार तासांतच देता येतं, तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवायची, दुसरीकडं कुठं जायचं नाय. आता काय, आता ऐकून काय.

काठीनं चालतो, बोलतो बघा सगळं. पण डावीकडचं जगच माझ्यासाठी ऱ्हायलं नाय. डोळे चांगले हायत, डॉक्टर म्हणतात, मेंदूच तिकडं बघायचं विसरलाय. अर्धं ताट जेवतो आणि म्हणतो, भात संपला, वाढ गो. मंग सुनंदा ताट नुसतं फिरवते, की भात हायच.

औंदा मी हट्ट धरला, घरचा गणपती मीच आखणार. कोरी मूर्ती आणली तिनं. आखली मी, जीव ओतून आखली, हात जरासुद्धा हलला नाय. बाप्पा दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघत होता, आईशप्पथ. शेजारणी आरतीला आल्या, सुंदर म्हणाल्या, सगळं बरं चाललेलं. विसर्जनाला मूर्ती उचलताना सुनंदा रडायला लागली, मी म्हटलं, काय झालं गो? तर म्हणाली, त्या बाजूचा डोळा कोराच हाय, त्यावर मी रोज जास्वंदीचं फूल लावत होते. मी म्हटलं, मंग मूर्ती फिरव, ताट फिरवतेस तशी, बाकीचा डोळा आखतो. तर म्हणाली, मूर्ती फिरवली की पाठ दिसते.

तेव्हापासनं ब्रश हातात धरला नाय, धरणार पण नाय. सुनंदाच्या एकटीच्या कामावर घर चाललंय, आणि मी हा असा खुर्चीत. तुमचं चांगलं होवो, तुमच्या घरात असं कोणाला न होवो. आणि आता निघाल तेव्हा माझ्या उजवीकडनं जा. डावीकडनं गेलात तर मी आपला तुमच्याशी बोलतच बसेन.