कस्तुरी कुणाच्या हाताची

—न्हाई न्हाई, पाऊस न्हाई यायचा ताई, बसा निवांत. हे आभाळ सकाळधरून असंच हाय, ना पडंल ना उघडंल. थंडीच्या दिसात असलं मळभ आलं की तुरीच्या फुलात अळी पडती आन् माझ्यासारख्याच्या गुडघ्यात कळ. ऊन असतं तर फोटू बरा आला असता, हे तुमचं खरं— पण फोटू ऱ्हाऊ द्या की. समोरचे दात न्हाईत माझे, काय दिसायचंय त्या फोटूत? तिकडं नका बसू, तिथं गोठ्याचा वास येतो, ह्या खुर्चीवर बसा. लातूरहून शिरूर अनंतपाळ, आन् तिथनं आमच्या गावापतुर ऑटोनं— हाडं खिळखिळी झाली असतील. नाव काय म्हणलात? मुग्धाताई. हाव. मी धोंडप्पा, पण आप्पाच म्हणतात सगळे. तुमीबी आप्पाच म्हणा, माझ्या नातीएवढ्या हायत तुमी.

यशोगाथा. फोनवरबी तुमी हाच शब्द म्हणलात, मला दोनदा विचारावं लागलं. म्हंजे चांगलं झालेलं लिहायचं, आसंच न्हवं? शेतीच्या मासिकात. 'आदर्श दूध उत्पादक धोंडप्पा' आसं वर मोठ्या अक्षरात, आन् खाली फेटा बांधलेलं हे थोबाड. छापा की. म्हंजे— छापा, पण घाई काय हाय? च्या घ्या आधी. मीच केलाय. मालकीण घरी न्हाई, लेकीकडं गेलीय जळकोटला, नातवाचं जावळ हाय. येईल की. आज-उद्या येईल. साखर कमी पडली का? न्हाई? मग तोंड आसं का केलंत— पातळ लागतोय? दूध? दूध घरचंच की. दारात एवढी म्हैस उभी आसताना दूध कुठलं आसणार?

विचारा, काय विचारायचं ते विचारा. हां, ते यंत्र ठिवा तिथं, मला काय कळतंय त्यातलं, बोलतो मी. जनावराचं म्हंजे सणवार न्हाई, सुतक न्हाई, ताप न्हाई. पोरीच्या लग्नादिवशीसुद्धा हळदीच्या हातानं पेंड कालवावी लागली. पहाटं उठायचं, शेण काढायचं, कडब्याची कुट्टी करायची, सरकी पेंड भिजवायची, पाणी दावायचं. उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याचं काय आसतं ठाऊक हाय न्हवं? माणसाला टँकर येतो, म्हशीला कोण टँकर लावतंय? तिला डुंबायला लागतं. तर आंगावर ओली पोती टाकायची, सुकली की पुन्हा भिजवायची, दिसभर तेच. मग पावसाळ्यात गोचीड, हिवाळ्यात— आता कोण करतं म्हंजे? आमी करतो. घरचं. मी करतो. मी म्हंजे… कॅन तर मीच नेतो की केंद्रावर. पहिल्यापासून सायकलवर दोन बाजूला दोन कॅन लावून नेतो. झाकणावर माझंच नाव हाय, रंगानं लिहिलेलं. केंद्रावर पोरं म्हणतात, धोंडप्पाचं दूध आलं, बाजूला व्हा, मशीनला घाम फुटतो त्या फॅटनं. मजाक करतात. इज्जत हाय तिथं आपली. होती.

काढून दाखवू? धार? आत्ता? न्हाई ताई, आता धारंची येळ न्हाई. जनावराचं एकदा येळापत्रक मोडलं की— हाव, नुसतं बसायचं फोटूपुरतं, कळलं मला. बसायला काय, बसलो आसतो. पण ती नवीन माणूस बघून बिचकती. तुमाला बघून. न्हाई, गरीब हाय तशी, कस्तुरी नाव तिचं, ह्या पंचक्रोशीत आसली म्हैस… नका जाऊ तिकडं, पाय झाडती ती! या हिकडं. बघितलंत? काय बघितलंत? कास. तटतटलेली दिसती. तुमाला कासंतलं कळतंय व्हय? मामाच्या घरी म्हशी होत्या? आसं. मग सांगायचं की आधी. मला वाटलं शहरातली पोर, पेनानं लिहायची आन् जायची.

पिशवीचं हाय ते दूध. च्यातलं. चौकातनं आणलं, पदराखाली— खिशात घालून आणलं, कुणाला दिसू नये म्हणून. फेटा बांधून सत्कार झालेला माणूस पिशवीचं दूध आणून राहिला, आता काय म्हणावं? लिहू नका हे. ते यंत्र चालू हाय का बंद? बंद करा तेवढं. केलं? बरं.

तिचं रेडकू गेलं श्रावणात. हगवण लागली आन् गेलं. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरती, तुमाला ठाऊक आसंल, मामाकडं बघितलं आसंल. केंद्रावरचा एकजण म्हणला, आप्पा, सुई मारा, पान्हा सोडायची सुई मिळती, मारली की नळ सोडल्यागत दूध. शरणम्मानं त्याला दारातनंच वापस लावलं. शरणम्मा म्हंजे मालकीण माझी. ती बसली कस्तुरीपाशी, आंग चोळलं, मानंखाली खाजवलं, कानडीत बोलली तिच्याशी. माहेर तिकडचं हाय न्हवं तिचं, बिदरच्या अलीकडचं. माझ्याशी मराठी बोलती, म्हशीशी कानडी. "बा अव्वा, बा" म्हणायची, ये माय, ये, आसं. चार रोज नुसती बसली, मग पाचव्या रोजी सोडला पान्हा. पण तिलाच. दुसऱ्या कुणाचा हात लागला की दगड. दुसऱ्या कुणाचा म्हंजे माझा. आता लपवून काय, ताई, मला धार काढताच येत न्हाई. कवाच आली न्हाई. आमच्या घरात बाप्या माणसानं कासंखाली बसायचं म्हंजे… न्हवतीच रीत. बाप बसला न्हाई, मी बसलो न्हाई. मी कॅन न्यायचा, नाव माझं, एवढं मात्र रीतीत बसलं.

आन् तो सत्कार. डेअरीचा वर्धापनदिन होता, मंडप, माईक, खुर्च्या. शरणम्मा सकाळची धार काढून, इरकल नेसून आलती, बायकांच्यात मागं बसली होती पार्वतीबाईजवळ. पार्वतीबाई म्हंजे ह्या शेजारच्या, त्या पत्र्याच्या घरातल्या. मला वर बोलवलं, फेटा बांधला, हार, शाल, नारळ. कुणी माझ्या गळ्यात आसं काही घातलं न्हवतं ताई, लग्नानंतर. आन् त्या सूत्रसंचालनवाल्यानं माईक तोंडापुढं धरला, म्हणला, आप्पा, एवढं घट्ट दूध, गुपित काय तुमचं? मी म्हणलो— न्हाई, आधी लोक टाळ्या वाजवून राहिले होते, ते बघा, टाळ्या वाजल्या की माणसाचं— न्हाई, टाळ्यांचा काय दोष. मी म्हणलो, "गुपित कसलं, सगळं मीच बघतो. म्हैस माझ्या हाताची हाय. बाईमाणूस काय, शेण काढतं." हसले लोक. मीबी हसलो. दात न्हाईत तरी लई हसलो.

  घरी आल्यावर तिनं शालीची घडी घातली, फेटा खुंटीला लावला, संध्याकाळची धार काढली, भाकरी वाढली. मला वाटलं, ऐकलंच नसंल, मागं बसली होती, माईकचा आवाज तिथवर कुठला! सकाळी मी कॅन धुऊन उभा, तर तिनं चरवी आणून माझ्यापुढं ठिवली. म्हणली, "काढा." मी म्हणलो, काय काढा? तर म्हणली, "तुमच्या हाताची हाय न्हवं?" राग न्हाई, आवाज न्हाई, भाजी काय करू विचारल्यागत. मी बसलो बी. बसलो ताई, काय करणार? चरवी गुडघ्यात कशी धरायची तेबी कळंना. कस्तुरीनं वळून बघितलं आन् एक लाथ. चरवी तिकडं, मी शेणात. शरणम्मानं मला हाताला धरून उठवलं, धोतर झटकलं. हसली आसती तर बरं झालं आसतं. मग पिशवी भरली आन् म्हणली, मंजूकडं जाऊन येते. मंजुश्री, लेक. जावळ-बिवळ काही न्हाई, नातू शाळंत जातो आता.

आडवायचं होतं म्हणता? हाव. 'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. मोठा शब्द हाय का? न्हाई. पण बस येईपतुर मी तिच्याजवळ फाट्यावर उभा राहिलो आन् कशावर बोललो ठाऊक हाय? हरभऱ्याच्या भावावर.

त्या दिवशीपासनं कास आशी. डॉक्टर येऊन गेले, म्हणले आप्पा, दूध निघालं न्हाई तर दगडी होईल, म्हंजे कास सुजून दगड, एखादं थान जाईल, गेलं की ते पुन्हा येत न्हाई. कोण काढतं हिला? मी म्हणलो, मीच. डॉक्टरनं माझ्याकडं आसं बघितलं! केंद्रावर सांगितलं, म्हैस आटली. आन् मंजूचा फोन आला तवा मागनं शरणम्माचा आवाज आला, स्वतः न्हाई बोलली, लेकीला म्हणली, "कस्तुरीची धार निघती का विचार." मी म्हणलो, "निघती की. लई निघती." बघा तुमी! 'न्हाई निघत' म्हणलो आसतो, तर ती मिळंल त्या बसनं आली आसती. माझ्यासाठी न्हाई, हिच्यासाठी आली आसती. तेवढं एक वाक्य तोंडातनं निघंना. कास फुगून राहिली, जनावर रात्रभर उभं, बसवत न्हाई त्याला, आन् मी फोनवर म्हणतो लई निघती.

मग काल… जाऊ द्या. तुमाला उशीर होईल. च्या गार झाला, दुसरा करू का? नको, पिशवीचाच हाय.

काल पहाटं मी दोरीवरचं तिचं लुगडं घेतलं. जुनं, गोठ्यातलं. हिरवं होतं कवातरी. त्याला शेणाचा, दुधाचा, इबुतीचा, तिचा वास. धोतरावरनंच गुंडाळलं, नेसता कुठं येतंय, खोचलं कसंबसं, पदर घेतला डोक्यावर. ऐकलं होतं मी, कुणीतरी कुठंतरी आसं केलं होतं म्हणून, तवा आमी पारावर पोट धरून हसलो होतो त्याला. मग वाटलं, बांगड्यांचा आवाज लागतो हिला. तिच्या फडताळातल्या बांगड्या काढल्या, तर त्या ह्या पंजात जाईनात. मग सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या. हसा, हसा ताई, हसू दाबू नका, तुमचा काय दोष. बसलो. "बा अव्वा, बा" म्हणलो. आवाज बायकी काढायला गेलो तर खोकला आला. कस्तुरीनं मान वळवली. पदर हुंगला. लई येळ हुंगला. मग माझं तोंड बघितलं— तिला काय कळत न्हाई व्हय? सगळं कळतं. कळलं तिला, ही ती न्हवं. आन् तरी तिनं पान्हा सोडला, ताई. मुकं जनावर, माझी दया आली आसंल, न्हाईतर त्या लुगड्याची. माझ्या बोटांना जमंना, धार निम्मी चरवीत, निम्मी मांडीवर, पण निघाली. एका अंगाची कास जरा मऊ झाली. ह्या बाजूची, जी तुमी बघितली ती न्हाई.

आन् तेवढ्यात कडी वाजली. पार्वतीबाई. विरजण मागायला आलती. मी लुगड्यात, बांगड्यांत, गुडघ्यात चरवी. उठावं तर धार तुटती, बसावं तर…

काय म्हणली? काही न्हाई. काय म्हणणार! गावभर केलं का म्हणता? न्हाई, तिनं कुणाला सांगितलं न्हाई, म्हणून तर— न्हाई सांगत मी ते. तुमी जावा आता. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला बघा. यशोगाथा नका छापू, आन् माझं नाव तर मुळीच नको. जळकोट तुमच्या वाटेवर न्हाई, ठाऊक हाय मला. मंजूचा नंबर देऊ का? शरणम्माला म्हणा, कस्तुरी— न्हाई. नका म्हणू. तुमी म्हणलात तर ती म्हणंल, ह्यांनी पोरीला पुढं केलं. मलाच म्हणावं लागंल ते. तो मोबाइल तेवढा माझा द्या हिकडं, खिडकीत हाय. हाव, लावतो. तुमी गेल्यावर लावतो. कुणापुढं न्हाई जमायचं मला.

उभ्या का ऱ्हायलात? ऐकायचंच हाय का? बरं. हसली न्हाई पार्वतीबाई. तोंडाला पदर लावला न्हाई. भांडं खाली ठिवलं, माझ्याकडं वरपासून खालपतुर बघितलं, माणूस ओळखीचं हाय का बघावं तसं, आन् म्हणली, "आप्पा, सत्काराला हेच नेसून जायचं होतं."