चादरीतली बाई

करखात्याच्या रांगेत उभं केलं की भल्याभल्यांच्या पायांना कापरं भरतं, आणि या खात्याला नेमकं तेच हवं असतं. माझ्यापुढे एक बाई चादरीत गुंडाळलेलं जुनं चित्र छातीशी धरून उभी होती. तिचा धाकटा भाऊ धापा टाकत आला.

"ताई, अगं चित्र इथे कशाला आणलंस? उद्या गिऱ्हाईक येणार आहे ना!"

"साहेबांना दाखवते. स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत, यात काही दम नाही म्हणून."

"दम नाही? एवढ्या मोठ्या चित्रकाराची सही आहे खाली!"

"होती."

"होती म्हणजे?"

"भांड्यांच्या घासणीनं घासून काढली. आता लाव म्हणावं कर."

"अगं बाई, कर विकल्यावर लागतो! भिंतीवर टांगल्यावर नाही!"

"मला कोण सांगणार? तू फोन तरी उचलतोस का?"

"आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन त्या सहीवर होणार होतं, ताई!"

"हळू बोल, लोक बघतायत. सही गेली तर गेली. चित्रातली बाई आहे ना जागेवर? पणजोबांपासूनची बाई आहे ती."

"थांब. चादर काढ. आधी काढ म्हणतो ना!... ताई, हिच्या गळ्यातला सोन्याचा हार कुठाय?"

"ओरडू नकोस रे! म्हटलं, त्याच्यावर वेगळा कर लावतील. कानातलं राहू दिलंय, एवढ्याशानं काय होतंय?"